पथक मुलांचे, पाठबळ मोठ्यांचे

जिल्ह्याच्या स्काऊट-गाईड मेळाव्याला जायचे असेल तर समारोपाला जाऊ नये, पहिल्या दिवशी दुपारी जावे. समारोपाला सारे काही जागच्या जागी असते. तंबू ताठ असतात, कमानी सजलेल्या असतात, प्रमुख पाहुण्यांच्या गळ्यात स्कार्फ असतो आणि संचलनात पावले एका तालात पडत असतात. पहिल्या दिवशी दुपारी मात्र या साऱ्याचा कर्ता कोण, हे कळते. खुंट्या शिक्षक ठोकत असतात, कमानीचा आराखडा कलाशिक्षकांचा असतो, गाठी शाळेचे शिपाईमामा मारत असतात, जेवणाचे कंत्राट कोणाला तरी दिलेले असते. आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ती मुले सावलीत रांगेने बसून पुढच्या आज्ञेची वाट पाहत असतात. सर्वत्र असेच घडते असे नाही. चांगली पथके आहेत आणि त्यांच्याच आधारावर ही चळवळ आपल्याकडे टिकून आहे. परंतु त्यांची गणना अपवाद म्हणून करावी लागते, ही वस्तुस्थिती आहे.

यात त्या शिक्षकांना दोष देण्याचा हेतू नाही. अनेक शाळांत स्काऊटचे काम नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाच्या गळ्यात पडते. वर्गाचे तास, वह्यांची तपासणी, निवडणुकीची कामे, शासनाकडे भरावयाची माहिती, हे सांभाळून त्याने पथक चालवायचे असते. शिवाय राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्काराच्या चाचण्यांना मुले बसवायची असतात, त्यांच्या नोंदवह्या पूर्ण करायच्या असतात. तंबू मुलांकडून उभारून घ्यायला तीन तास लागतात. स्वतः उभारला तर वीस मिनिटांत काम होते. घाईत असलेला सज्जन माणूस वीस मिनिटांचा मार्ग निवडतो. त्याच्या निष्ठेविषयी शंका नाही. शंका आहे ती एवढीच की, असे पथक मुलांचे राहते काय?

आधी मुले, मग मोठी माणसे

ही चळवळ ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते लॉर्ड बेडन-पॉवेल ब्रिटिश साम्राज्याचे सेनानी होते आणि साम्राज्याच्या सेनानीविषयी भारतीय मनात जी अढी असावी ती आपल्याही मनात असण्यास हरकत नाही. पण त्यांच्या हाती जे लागले ते नीट समजून घेतले पाहिजे. दक्षिण आफ्रिकेतील मेफकिंग या गावाला बोअरांनी ऑक्टोबर १८९९ पासून मे १९०० पर्यंत, २१७ दिवस वेढा घातला होता. शिबंदी अपुरी होती. तेव्हा गावातील किशोरवयीन मुलांची एक तुकडी उभी करण्यात आली. ही मुले निरोप पोहोचवीत, टेहळणी करीत, रुग्णालयात मदत करीत. आणि त्यांचा म्होरक्या गुडइयर आडनावाचा जेमतेम तेरा वर्षांचा मुलगा होता. जबाबदारी खरी असेल तर मुलगा ती पेलतो, हा अनुभव बेडन-पॉवेल तेथून घेऊन आले.

पुढे ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राऊनसी बेटावर त्यांनी सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. काही मुले उमरावांच्या शाळांतील होती, काही पूल आणि बोर्नमथ या गावांतील सामान्य घरांची. त्यांचे चार गट केले. लांडगे, कावळे, बैल आणि कर्ल्यू नावाचा पाणपक्षी अशी त्या गटांची नावे होती आणि प्रत्येक गटाला मुलांमधलाच एक नायक होता. गटाच्या वर्तनाची आणि कामाची जबाबदारी त्या नायकावर. मोठी माणसे होती, पण ती शिकवायला आणि गोष्टी सांगायला.

यानंतर जे घडले ते स्काऊट चळवळीच्या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण प्रकरण आहे आणि आपल्या प्रशिक्षण वर्गांत ते फारसे सांगितले जात नाही. जानेवारी १९०८ पासून बेडन-पॉवेल यांचे ‘स्काऊटिंग फॉर बॉईज’ हे पुस्तक पंधरवड्याला एक अशा सहा भागांत प्रसिद्ध होऊ लागले. प्रचलित बाल-संघटनांनी त्यातील काही उपक्रम उचलावेत, एवढीच लेखकाची अपेक्षा होती. मुलांनी मात्र स्वतःच्या खाऊच्या पैशांतून ते भाग विकत घेतले, गल्लीतल्या सवंगड्यांचे गट बनविले, नायक निवडले, काठ्या मिळविल्या आणि मग, आपल्याला पथकप्रमुख म्हणून कोणी मोठा माणूस मिळतो का, याचा शोध सुरू केला. कोणी पाद्री, कोणी शिक्षक, कोणी निवृत्त सैनिक असे त्यांना सापडत गेले. सप्टेंबर १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर मेळावा झाला तेव्हा दहा हजारांहून अधिक मुले जमली होती. त्यांत काही मुलीही गणवेश करून येऊन उभ्या राहिल्या. त्यांना कोणी बोलावले नव्हते! त्यांच्या आग्रहातून पुढच्याच वर्षी गाईड चळवळीचा जन्म झाला.

मुलांनी मोठ्यांना शोधून आणले होते. आज आपल्याकडे शाळा वर्गातील मुलांची यादी करून पाठवते. दोन्हींतील अंतर किती आहे, हे वाचकांनीच पाहावे.

कुंभमेळ्यातील स्वयंसेवक

भारतात १९०९ मध्ये बंगळूर येथे कॅप्टन बेकर यांनी पहिले पथक काढले ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना त्यात प्रवेश नव्हता. बॉम्ब आणि बहिष्कार यांच्या त्या काळात सरकारला येथील तरुणांच्या हाती काठी आणि संघटना देणे परवडणारे नव्हते. तेव्हा येथील लोकांनी ती आपणहून उभी केली. पंडित श्रीराम वाजपेयी यांनी १९१३ मध्ये शहाजहानपूर येथे पथक सुरू केले. मध्य प्रांतात, म्हणजे आपल्या नागपूरच्या बाजूला, व्हिव्हियन बोस यांनी भारतीय मुलांसाठी काम आरंभिले. पुढे हेच बोस सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. मद्रासेत डॉ. ॲनी बेझंट यांनी भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना काढली. पंडित मदनमोहन मालवीय आणि पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या प्रेरणेने प्रयागला सेवा समितीची स्काऊट पथके उभी राहिली. १९१८ च्या प्रयागच्या कुंभमेळ्यात सेवा समितीच्या स्वयंसेवकांनी जे काम केले, त्याच परंपरेतील ही पथके होती. लाखोंच्या गर्दीत हरवलेल्या म्हातारीला तिच्या माणसांपर्यंत पोहोचविणे, घाटावर उभे राहणे, आजाऱ्याला उचलून नेणे ही कामे आज्ञेची वाट पाहत रांगेत बसून होत नाहीत. तेथे समोरच्या मुलालाच निर्णय करावा लागतो.

१९३७ च्या भारतभेटीनंतर बेडन-पॉवेल यांनी भारतीयांच्या चारित्र्याविषयी जे अनुदार उद्गार काढले त्याने देशभर संताप उसळला. १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन स्थापन झाली, तिच्यामागे हा स्वाभिमान होता. स्वातंत्र्यानंतर दोन्ही प्रवाह एकत्र आले आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संघटना अस्तित्वात आली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईड संघटनाही तिच्यात सामील झाली. कुंझरू तिचे पहिले राष्ट्रीय आयुक्त. ज्या देशातील मुलांना चारित्र्य नाही असे परक्यांनी म्हटले, त्या देशाच्या मोठ्या माणसांनी आज आपल्याच मुलांना स्वतःचा तंबू उभारता येणार नाही असे गृहीत धरावे, यातील विसंगती नजरेआड करण्यासारखी नाही.

गट म्हणजे काय?

स्काऊट पथकाचा प्राण गटपद्धतीत आहे. महाराष्ट्रातील स्काऊट मंडळी या गटाला ‘संघ’ म्हणतात आणि त्याच्या प्रमुखाला ‘संघनायक’. या साप्ताहिकाच्या वाचकाच्या मनात ‘संघ’ या शब्दासरशी वेगळेच चित्र उभे राहील, म्हणून येथे ‘गट’ आणि ‘गटनायक’ म्हटले आहे. तेही शब्द आपल्याला परके नाहीत.

गटात सहा ते आठ मुले असतात. स्काऊटचे वय दहा ते सतरा. गट खरा असेल तर त्यात पंधरा वर्षांचा नायक, चौदाचा उपनायक आणि नुकताच आलेला अकरा वर्षांचा चिमुरडा असे सारे एकत्र असतात. मोठा लहानाला गाठ शिकवितो, लहान मोठ्याचे पाहून चूल पेटवितो. तीन वर्षांनी तोच कोणाला तरी शिकवितो. आपल्या शाळांत सोयीसाठी गट वर्गवार केले जातात. सातवीच्या आठ मुलांचा एक गट केला की त्यात शिकविणारा कोणी उरत नाही, म्हणून शिक्षकाला शिकवावे लागते. गटपद्धती येथेच संपते. मग गटांना सिंह, वाघ, मोर अशी नावे दिली आणि ध्वज शिवले तरी काही उपयोग नसतो. एकत्र कुटुंबात मोठ्या भावंडाच्या हाताखाली लहान भावंड जे शिके ते शिकण्याची सोय आता घरातही उरलेली नाही. एका किंवा दोन मुलांच्या घरात ती कोठून यावी? गटाचे मोल आपल्या काळात वाढले आहे ते यामुळे.

गटनायकांची मिळून एक सभा असते. तिला ‘कोर्ट ऑफ ऑनर’ म्हणतात. मानसभा म्हटले तरी चालेल. पुढच्या महिन्यात काय करायचे, शिबिर कोठे न्यायचे, पैसे किती आहेत, कोणाच्या वागण्याविषयी तक्रार आली आहे, हे सारे या सभेत ठरते. पथकप्रमुख तेथे बसतो, विचारले तर बोलतो आणि एखादा निर्णय घातक असेल तर तो थांबविण्याचा अधिकार राखून ठेवतो. हा अधिकार वर्षात एकदाही वापरावा लागू नये, यात त्याचे कौशल्य असते. ही पद्धत नेटकी लिहून ठेवण्याचे श्रेय रोलंड फिलिप्स या तरुणाचे. घर खानदानी, पण काम लंडनच्या पूर्वेकडील गरीब वस्त्यांत. त्यांचे ‘द पेट्रोल सिस्टिम’ हे छोटेखानी पुस्तक १९१४ मध्ये निघाले आणि ७ जुलै १९१६ रोजी, सव्विसाव्या वर्षी, ते सोमच्या रणभूमीवर पडले. आपले स्टेपनी ग्रीन येथील घर त्यांनी स्काऊटांसाठी ठेवले होते.

करपलेला भात

आता मोठ्यांच्या कामाकडे वळू. मुलांनी चालविलेले पथक म्हणजे मोठ्यांना सुटी, असा एक गैरसमज आहे. खरे तर असे पथक मोठ्या माणसाकडून जास्त काम मागते, फक्त ते काम दिसत नाही. शिबिरापूर्वीच्या रविवारी तो चार गटनायकांना घरी बोलावतो आणि त्यांच्याकडून एकदा पिठले-भात करवून घेतो. किती माणसांना किती तांदूळ, शिधा कोठून आणायचा, एस.टी. किती वाजता, शेवटची परतीची कोणती, पाणी कोठे आहे, ते उकळायचे कोणी, हे तो त्यांना विचारतो. सांगत नाही, विचारतो. उत्तर आले नाही तर ते शोधून आणायला सांगतो. शिबिरात तो दूर बसलेला दिसतो याचे कारण, त्याचे निम्मे काम आधीच उरकलेले असते.

आणि तरीही भात करपतो. लाकूड ओले असते, जाळ एकदम भडकतो, पाणी कमी पडते. दूर बसलेल्या पथकप्रमुखाच्या नाकाला वास आधी येतो. या क्षणी त्याने काय करावे? उठून पातेले उतरविले तर भात वाचेल, पण पुढच्या वेळी गटनायक वास येईपर्यंत थांबणार नाही; तो सरांच्या तोंडाकडे पाहत बसेल. बसून राहिले तर सहा मुले करपट भात पिठल्यात कालवून खातील, गटनायकाला शिव्या घालतील, आणि रात्रीच्या बैठकीत जाळ कोणी पाहायचा, यावर भांडण होऊन निर्णय होईल. अशा वेळी पथकप्रमुखाच्या हातून उठणे होते, कारण भुकेले मूल आपल्या लोकांना पाहवत नाही. हा आपला गुणच आहे. पण एका जेवणाने कोणाची प्रकृती ढासळत नाही, आणि शेंगदाण्याचा लाडू प्रत्येक आईने पिशवीत दिलेला असतोच.

मात्र कोठे बसून राहायचे आणि कोठे झेप घ्यायची, याची सीमारेषा स्पष्ट असली पाहिजे. पाणी, आग, कडा, धारदार हत्यार, रात्रीचा रस्ता आणि आजारपण यांच्या बाबतीत अंतिम शब्द मोठ्यांचा. येथे मतदान नाही. मुरूडच्या समुद्रात १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील विद्यार्थी बुडाले, ते महाराष्ट्र विसरलेला नाही. अशा दुर्घटनांनंतर सहलीच बंद करण्याकडे शाळांचा कल होतो आणि पालकही त्याला मान डोलावतात. पोहता येणाऱ्या माणसाची, दोराची आणि भरतीच्या वेळापत्रकाची व्यवस्था करणे हे खरे उत्तर होते. धोका ओळखण्याचे वळण मुलाला लावायचे तर त्याला धोक्याच्या जवळ, सावधपणे, न्यावे लागते.

आणखी एक जागा आहे जेथे मोठ्यांचे डोळे सतत उघडे पाहिजेत. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती सहा मुले दिली की त्यातला एखादा नायकाऐवजी ‘दादा’ होतो. भांडी कायम धाकट्यांनीच घासायची, टोपणनावे ठेवायची, एखाद्याला जातीवरून किंवा घरच्या परिस्थितीवरून डिवचायचे, हे हळूच सुरू होते. याची तक्रार अकरा वर्षांचा मुलगा करीत नाही, तो फक्त पुढच्या रविवारी येत नाही. न आलेल्या मुलाच्या घरी जाऊन चौकशी करणे ही जबाबदारी पथकप्रमुखाने कोणाकडेही सोपवू नये. घरी जाण्याची ही रीत आपल्या कार्यकर्त्यांना वेगळी शिकवावी लागणार नाही.

मोठी माणसे स्वतः हे शिकणार कोठे? इंग्लंडमध्ये गिलवेल पार्क येथे सप्टेंबर १९१९ मध्ये पथकप्रमुखांचा पहिला वर्ग झाला. तेथे आलेल्या प्रौढांचे गट केले, त्यांनाच तंबूत ठेवले, त्यांच्याकडूनच चुली पेटवून घेतल्या. प्रमुख होण्यापूर्वी त्यांना गटातला एक साधा सदस्य व्हावे लागले. आपल्या देशातही पचमढीच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात हीच परंपरा आहे आणि ‘हिमालय वुड बॅज’ मिळविलेल्या व्यक्ती जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात भेटतील. पन्नाशीच्या मुख्याध्यापकाला कालच्या पदवीधराच्या हाताखाली कांदे चिरावे लागतात, हे त्या शिबिरातील सर्वांत कठीण प्रकरण असते म्हणतात.

अमेरिकेतील दोन धडे

मोठ्यांनी ही पद्धत आपल्या सोयीने वाकविली की काय होते, याचा अनुभव अमेरिकेने घेतला आहे. डेन्मार्कहून तेथे गेलेल्या विल्यम हिलकोर्ट यांनी १९२९ मध्ये गटनायकांसाठी हस्तपुस्तिका लिहिली आणि गटपद्धती त्या देशात रुजविली. १९७२ मध्ये संघटनेतील तज्ज्ञांनी कार्यक्रम आधुनिक करायचे ठरविले. शहरी मुलांना जंगल नको असेल असे समजून शिबिर, चूल आणि नकाशा यांचे महत्त्व कमी केले. सदस्यसंख्या झपाट्याने घसरली. त्याला इतरही कारणे होती, परंतु संघटनेला स्वतःची चूक दिसली. सेवानिवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या हिलकोर्टना पुन्हा बोलावण्यात आले. त्यांनी मोबदला न घेता नवे हस्तपुस्तक लिहिले आणि १९७९ च्या त्या आवृत्तीत मुले पुन्हा रानात गेली.

दुसरा धडा भयंकर आहे. त्याच संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, कारण पथकप्रमुखांनी आणि इतर प्रौढांनी केलेल्या लैंगिक अत्याचारांचे दावे तिच्यावर कोसळले. पुढे न्यायालयापुढे आलेल्या दाव्यांची संख्या ८२ हजारांहून अधिक होती. त्या संघटनेचे नावही आता, २०२५ पासून, ‘स्काऊटिंग अमेरिका’ झाले आहे. मुलांच्या विश्वासाला पात्र समजलेल्या माणसांविषयी दशकानुदशके कुजबुज होती आणि ती फायलीत दाबली गेली. ‘आपल्या माणसावर’ शंका घ्यायची नाही, ही वृत्ती सज्जनांच्या संघटनांत अधिक असते, म्हणून हे आपल्या येथे मुद्दाम लिहिले पाहिजे. तेथील नियम आता असा आहे की, कोणत्याही कार्यक्रमाला किमान दोन प्रौढ हवेत आणि कोणीही प्रौढ एकट्या मुलाबरोबर एकांतात असता कामा नये. आपल्याकडे २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. पण कायदा घटना घडल्यावर येतो. दोन माणसांचा नियम आधीच हवा. गट जिवंत असेल तर त्याचाही येथे उपयोग होतो. ज्या मुलांना एकत्र बसून बोलण्याची, मोठ्यांचा निर्णय तपासून पाहण्याची सवय आहे, त्यांच्यातले एखादे मूल गप्प गप्प झाले तर ते दुसऱ्या मुलांच्या आधी लक्षात येते.

खरी कमाई कोणाची?

आता थोडे पालकांविषयी. महाराष्ट्रातील शाळांत वाढलेल्या कोणालाही ‘खरी कमाई’ आठवत असेल. स्काऊट-गाईडांनी स्वतः कष्ट करून चार पैसे मिळवायचे, असा हा सुंदर उपक्रम. शेजाऱ्यांची सायकल पुसायची, बाग झाडायची, बाजारातून पिशवी आणून द्यायची. ब्रिटनमध्येही १९४९ पासून असाच सप्ताह पाळला जाई. आपल्याकडे त्याचे पुढे काय झाले? भेळ आईने कालवली, ती शाळेच्या आवारात बाबांनी विकत घेतली आणि कार्डावर सही झाली. काही घरांत तर भेळीचाही त्रास नको म्हणून सरळ नोट दिली गेली. कमाई खरी होती, फक्त ती बाबांची होती.

हाच पालक मुलाचे दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेऊन बसथांब्यावर उभा असतो. बालशिवाजी आणि त्याच्या सवंगड्यांची कथा प्रत्येक व्यासपीठावरून सांगणारा आपला समाज स्वतःच्या चौदा वर्षांच्या मुलाला ठाण्याहून दादरला एकट्याने लोकलने पाठवायला धजत नाही. गर्दी खरी आहे, काळजीही खरी आहे. पण मावळच्या खोऱ्यांत श्वापदे नव्हती काय? दहावीचे वर्ष आले की स्काऊट सुटते, हे तर ठरलेलेच आहे; सवलतीच्या गुणांपुरता गणवेश कपाटात राहतो. नेमक्या पंधराव्या वर्षी, जेव्हा मुलगा उत्तम गटनायक होऊ शकतो, तेव्हाच त्याला क्लासच्या बाकावर नेऊन बसविले जाते आणि गट नायकाविना राहतो. मग सर पुन्हा पुढे येतात. शिक्षकाला पथक स्वतः चालवावे लागते, याचे एक मोठे कारण शाळेत नाही, आपल्या घरात आहे.

याला वाट आहे. संघटनेच्या नियमांत शाळेशी न जोडलेल्या खुल्या पथकाची सोय आहे. एखाद्या गृहसंकुलातील किंवा गावातील पाच-सात कुटुंबांनी मिळून जिल्हा कार्यालयाशी बोलले आणि दोघा-तिघांनी प्रशिक्षण घेतले तर असे पथक उभे राहू शकते. त्यात वर्गवारी नसते, दहा ते सतरा वयाची मुले-मुली आपापल्या पथकांत येतात, रविवार मोकळा असतो. मधला दुवा म्हणून महाविद्यालयीन वयाचे रोव्हर आणि रेंजर मिळाले तर फारच उत्तम; चौदा वर्षांच्या मुलाला पन्नाशीच्या काकांपेक्षा बावीस वर्षांचा दादा लवकर पटतो.

काकांनाही काम आहेच. डॉक्टरांनी प्रथमोपचार शिकवावेत, सह्याद्रीत पायपीट केलेल्यांनी नकाशा वाचायला शिकवावा, शेतकऱ्याने कोणते लाकूड पावसातही पेटते ते दाखवावे. मुली गाईड पथकात असतील तर त्यांच्या शिबिराला दोन ताई बरोबर असाव्यात, आणि त्या ताईंनी चुलीपासून तितकेच दूर बसावे जितके मुलांच्या शिबिरात दादांनी. निवृत्त बँक अधिकारी तर प्रत्येक संकुलात असतात. पथकाच्या हिशेबाची वही गटनायकांपैकी एकाने लिहावी आणि त्यांनी ती महिन्यातून एकदा पाहावी. जमाखर्चात सव्वीस रुपयांचा फरक निघाला तर तो कोठे आहे हे त्यांना पहिल्या पानावरच दिसेल. वही मिटून परत द्यावी, आणि पुढच्या रविवारपर्यंत थांबावे.